पुराचें मोजमाप आणि विद्यार्थ्यांची उमेदवारी

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीं पदवीपूर्वीं कांहीं काळ प्रत्यक्ष कामावर उमेदवारी करावी, असें २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सुचविलें आहे. कृषि-पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी तर त्याच्याहि आधींपासून कार्यानुभवासाठीं खेड्यांत राहत आले आहेत. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत या उमेदवारीचा कांहीं भाग बदलतें हवामान व पूर यांच्या धोक्याचें मोजमाप करण्याकडे लावावा, अशी आमची सूचना आहे.

गरज काय, हें वैनगंगेकांठच्या वाचकांस सांगणें नको. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्यप्रदेशांतील संजय सरोवराचें व मागोमाग गोसीखुर्दचें पाणी सुटलें आणि ब्रह्मपुरी तालुक्यांतील गांवें वेढलीं गेलीं; तो पूर मुख्यतः वरच्या खोऱ्यांतील पावसाचा होता. भामरागडची वाट पर्लकोटेच्या पाण्यानें जवळजवळ दर पावसाळ्यांत बंद होते. सिरोंच्याकडील शेतकऱ्यांचें गाऱ्हाणें मेडीगड्डा बंधाऱ्याच्या फुगवट्याचें आहे. तीन ठिकाणीं पुराचीं कारणें तीन. मंडळांतील पर्जन्यमापक मात्र एवढेंच सांगतो कीं, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला कीं नाहीं. कोणत्या बांधींत पाणी किती दिवस उभें होतें, हें त्यावरून कळत नाहीं. आणि धान आठवडाभराहून अधिक काळ पूर्ण बुडालें तर बहुतेक जाती हाताच्या जातात.

उपग्रहाच्या रडारचित्रांत ढगांआडचेंहि पाणी दिसतें, तीं चित्रें विनामूल्य मिळतात, व आजचे विद्यार्थी तीं वाचावयास शिकतात. परंतु रोवणीच्या दिवसांत बांधींत पाणी असावयाचेंच. तें रोवणीचें कीं नदीचें, हें चित्रावरून ओळखणें कठीण. धुऱ्यावर जाऊन पाहणारास तें लगेच कळतें. म्हणून विद्यार्थी खेड्यांत हवा, आणि तो जुलै ते सप्टेंबरांत हवा. उन्हाळ्याच्या सुटींत उमेदवारी उरकल्यास उष्णतेच्या नोंदी होतील (आमच्याकडे त्यांचीहि वाण नाहीं), पण पूर कसा मोजणार? अर्थात् चढत्या पाण्यांत कोणास पाठवूं नये. ओसरल्यावर राहिलेल्या खुणा पुरेशा आहेत.

गोंडवाना विद्यापीठानें व कृषि महाविद्यालयांनीं याचा विचार करावा. आमची एकच अट आहे. केलेलें काम इंग्रजी प्रबंधांत बंद होऊन राहूं नये; नकाशा मराठींत ग्रामपंचायतीस मिळावा आणि पाण्याची उंची सालासह शाळेच्या भिंतीवर रंगवावी. भामरागडाकडे माडिया जाणणारा विद्यार्थी दिल्यास उत्तम. विद्यार्थ्यास कचेरींत बसवून आंकडे उतरवून घेण्याची जी रीत कोठें कोठें दिसते, ती आम्हांस मान्य नाहीं.

आपल्याकडूनहि कांहीं व्हावयास हवें. येत्या जुलैपासून एका विद्यार्थ्यास घरीं ठेवून घेण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनीं गांव, जवळची नदी किंवा नाला आणि आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची खूण कोठें आहे, इतकें आमच्याकडे लिहून पाठवावें.