मगर जिंकेल की ड्रॅगन?

खाऱ्या पाण्यातील मगर आणि कोमोडो ड्रॅगन समोरासमोर आले, तर जिंकेल कोण? अशा कल्पित झुंजींच्या चित्रफिती मोबाइलवर भरपूर फिरतात आणि निकाल बहुधा एकाच आकड्यावर लावला जातो: चाव्याचा जोर.

आकडा थक्क करणारा आहे, यात शंका नाही. अमेरिकेतील ग्रेगरी एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी मगरकुळातील २३ जातींचा चावा प्रत्यक्ष मोजला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खाऱ्या पाण्यातील मगरीचा जोर १६,४१४ न्यूटन भरला. म्हणजे दीड टनाहून अधिक भार. पण हा जोर जबडा मिटण्याचा. तो उघडणारे स्नायू इतके दुबळे, की मोठ्या मगरीचे तोंडही चिकटपट्टीने बंद ठेवता येते.

इंडोनेशियातील कोमोडो ड्रॅगन हा आपल्या घोरपडीचाच थोरला भाऊबंद. त्याचा चावा शरीराच्या मानाने अगदीच कमजोर. तो दाबत नाही, फाडतो. करवतीसारखे दात रुतवून मागे ओढतो, आणि खालच्या जबड्यातील ग्रंथींचे विष जखमेतले रक्त गोठू देत नाही. त्याच्या तोंडातल्या घाणीमुळे सावज सडून मरते ही जुनी समजूत २००९ च्या विषावरील संशोधनानंतर मागे पडली. या दातांच्या धारेवर लोहाचा थर असतो, हे २०२४ मध्ये समोर आले. तेव्हा दोघांना एकाच आकड्याने मापणे म्हणजे अडकित्त्याची आणि करवतीची तुलना.

आणखी एक गोष्ट या चित्रफिती सांगत नाहीत, ती दमाची. शांत पडून राहिली तर मोठी मगर तासभरही पाण्याखाली श्वास रोखते. झडप मात्र ती प्राणवायूविना चालणाऱ्या ऊर्जेवर घेते. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते, ती लवकर थकते आणि सावरायला तिला बराच वेळ लागतो. म्हणून ती जमिनीवर लांब पाठलाग करत नाही. ‘मगर मागे लागली तर नागमोडी पळा’ हा सल्ला त्यामुळेच निरुपयोगी. तिचे सारे बळ पाण्याच्या कडेला, पहिल्या काही क्षणांत असते.

सांगलीजवळच्या कृष्णेत आणि चिपळूणच्या वाशिष्ठीत राहते ती गोड्या पाण्यातील मगर. ती आकाराने लहान, चावाही त्या मानाने कमी. पण झडपेची रीत हीच. उन्हाळ्यात अंडी राखणारी मादी तर कुणाला जवळ येऊ देत नाही. नदीकाठच्या माणसाला मगरीच्या जबड्याचा जोर किती न्यूटन, हे ठाऊक नसले तरी चालेल. कपडे धुणे, जनावरे पाण्यावर नेणे, मोटार सुरू करायला काठावर उतरणे ही कामे नेमकी तिच्या बळाच्या जागी होतात. मगरी दिसणाऱ्या घाटांवर इशाऱ्याचा फलक लावून भागणार नाही. काठापासून दूर धुण्याचे नळ, जनावरांसाठी हौद आणि उतरण्याच्या जागी पाण्यात भक्कम जाळी हवी, आणि तीही मादी अंड्यांवर बसण्याआधी.