अडीच घागरींचा मंत्र

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून, फासे टाकून भूमिका वठवायच्या खेळात मांत्रिक डोईजड होतात, ही तक्रार खेळाइतकीच जुनी आहे. खेळ आला १९७४ साली. तेव्हापासून 'फायरबॉल' या मंत्रावरून वाद होत आले. आगीच्या गोळ्याला किती फासे टाकायचे? तलवार घेऊन लढणाऱ्या फायटरने मग करायचं काय? २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांच्या हाती एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या. पुष्कळ खेळाडू नाराज झाले आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ती वाट सोडली. चर्चा मात्र अजून आगीपाशीच अडकली आहे.

लातूर-नांदेडकडच्या माणसाने या खेळाचं २०१४ चं नियमपुस्तक उघडलं, तर त्याचं बोट दुसऱ्याच ओळीवर थांबायला हवं. पाणी निर्माण करण्याचा मंत्र. पातळी पहिली, म्हणजे नवशिक्या क्लेरिकला, देवाच्या नावाने मंत्र म्हणणाऱ्या पुजाऱ्यालाही, येणारा. एकदा म्हटला की दहा गॅलन स्वच्छ पाणी. आपल्या मापाने अडतीस लिटर, अडीच घागरी. लागणारं साहित्य: पाण्याचा एक थेंब.

१९७४ च्या मूळ पुस्तकात हा मंत्र चौथ्या पातळीवर होता. फायरबॉल तिसऱ्या. पाणी देणं हे आग फेकण्यापेक्षा अवघड आहे, असं तो क्रम सांगत होता, आणि त्यात शहाणपण होतं. १९७८ च्या पुस्तकात पाणी थेट पहिल्या पातळीवर घसरलं. फायरबॉल आजही तिसऱ्यावर आहे. खेळातल्या तोलाची एवढी चर्चा झाली, पण ही घसरण कुणाला फारशी टोचलेली दिसत नाही. ज्यांच्या गावाला टँकर येत नाही, त्यांना ती टोचणार तरी कशी?

१२ एप्रिल २०१६ ला, दुष्काळात, मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. धनेगावच्या मांजरा धरणात शहराला द्यायला काही उरलं नव्हतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. ते ज्याने पाहिलं, त्याने हा मंत्र वाचावा आणि सांगावं, की यात नेमकी कोणती गोष्ट 'पहिल्या पातळीची' आहे.

अडतीस लिटरने गाव तरत नाही, हे खरं. पण खेळ गावाचा नसतो. तो चार-पाच जणांच्या टोळीचा असतो आणि टोळीला अडीच घागरी पुरून उरतात. इथेच खेळ बिघडतो. मे महिन्यात औशाहून कंधारकडे पायी निघालेली टोळी घ्या. वाटेत कोरडे ओढे. बारवेच्या तळाशी हातभर गढूळ पाणी, पायऱ्या ढासळलेल्या. इथे चोराच्या अंगची चपळाई कामी यावी, कारण खाली उतरायचं आहे. रेंजरला जमिनीखालचा ओलावा ओळखता यावा. फायटरने कावड खांद्यावर घ्यावी. तिघांनाही मान आहे, तिघांनाही काम आहे. क्लेरिक थेंबभर पाणी तळहातावर घेतो आणि तिघांचं काम संपतं. फायरबॉलने शत्रू मरतो, फायटरच्या वाट्याला पुढचा शत्रू तरी उरतो. या मंत्राने दुष्काळच पुसला जातो. टोळी तहानेच्या बाहेर राहते, आणि ज्या गावातून ती जाते ते गाव तहानलेलंच असतं.

'पाथफाइंडर' या त्याच घराण्यातल्या खेळाने २००९ मध्ये यावर कडी केली. त्या आवृत्तीत हा मंत्र शून्य पातळीचा आहे आणि दिवसभरात कितीही वेळा म्हणता येतो. नवशिक्या क्लेरिकला दर सहा सेकंदांना दोन गॅलन, साडेसात लिटर. न वापरलेलं पाणी दिवसाने नाहीसं होतं, एवढीच अट. हिशेब करून पाहिला. मिरजेच्या त्या पहिल्या गाडीएवढं पाणी काढायला एका नवशिक्याला एकशे दहा तास लागतील. पाच नवशिके बसवले तर बावीस. ज्या जगात हे शक्य आहे त्या जगात दुष्काळ कसा पडतो, याचं उत्तर नियमपुस्तकाला द्यावंसं वाटलेलं नाही. मांत्रिकाचा तोल मोजायचा तराजूच चुकीचा आहे. त्यात जखमा मोजल्या जातात, टंचाई नाही.

मंत्र काढून टाकायला मी सांगणार नाही. त्यात एक वाक्य घालावं: हे पाणी जवळच्या पाणवठ्यातून येतं. लातूरला आलेलं पाणीही आकाशातून पडलं नव्हतं, कृष्णेतून उपसलेलं होतं. विष्णुपुरी धरणातून कुणाला किती पाणी, हा प्रश्न नांदेडला नवा नाही, तो तिथे दर उन्हाळ्यात समोर उभा राहतो. तोच प्रश्न टेबलावर यावा. क्लेरिकने मंत्र म्हटला की जवळच्या विहिरीची पातळी तेवढी खाली जाईल. कुठे, किती, हे खेळ चालवणाऱ्याने आधीच नकाशावर लिहून ठेवावं.

आता तीच टोळी पुन्हा त्याच वाटेवर आणा. क्लेरिक हात उचलतो. खेळ चालवणारा सांगतो, चार कोसांत एकच विहीर आहे आणि अख्खं गाव तिच्यावर आहे. क्लेरिकचा हात तिथेच थांबतो. तो फायटरकडे वळून विचारतो, "बारव किती लांब आहे? आणि तुझ्या कावडीला किती घागरी पेलतील?"