सुट्टीचे पंचांग कोणाचे?

मे महिना उजाडला की महाराष्ट्रात दोन दृश्ये एकाच वेळी दिसू लागतात. शहरांतील सुखवस्तू वस्त्यांत उन्हाळी शिबिरांचे फलक झळकतात. चार-पाच वर्षांच्या बालकाला चित्रकला, पोहणे, गोष्टी, इंग्रजी संभाषण, एवढेच नव्हे तर यंत्रमानव जुळविण्याची कलाही शिकविण्याची हमी भरघोस शुल्काच्या मोबदल्यात दिली जाते. त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, गेवराई, धारूर या तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे परतून थोडेच दिवस झालेले असतात. पाच-सहा महिने फडाच्या कडेला कोपीत काढलेली मुले अखेर गावात आलेली असतात. आणि शाळेच्या दाराला कुलूप असते.

हा योगायोग नव्हे; ही व्यवस्था आहे. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची गाळपाची तयारी सुरू होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी कोल्हापूर-सांगलीकडे किंवा थेट कर्नाटकात निघते. मागे सांभाळणारे कोणी नसेल तर मुले बरोबर जातात. मोठे मूल धाकट्याला राखते, पाणी भरते, वाढे गोळा करते. हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपतो, तेव्हा गावातल्या शाळेत वार्षिक परीक्षांची लगबग चालू असते आणि पाठोपाठ सुट्टी लागते. शाळा उघडी तेव्हा मूल फडावर. मूल गावात तेव्हा शाळा बंद! साखर कारखान्याचे पंचांग आणि शिक्षण खात्याचे पंचांग ही दोन्ही पंचांगे ज्यांनी आखली, त्यांच्यापैकी कोणाचेही मूल या दोहोंच्या मध्ये चिरडले जात नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या विसंगतीची चर्चा विधिमंडळात क्वचितच का होते, याचा उलगडा होतो.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून सरकारला खडसावले होते की, रयतेच्या घामातून जमा होणारा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी त्यांनी त्याच निवेदनात केली. परके सरकार गेले, शिक्षणाचा हक्क घटनेत आला, २००९ साली त्याचा कायदाही झाला. परंतु हक्क कोणत्या महिन्यात बजावता येईल, हे ठरविणारे वेळापत्रक मात्र अजूनही पांढरपेशा घरांच्या सोयीचेच राहिले आहे.

दीड महिन्याच्या सुट्टीने असे काय बिघडते, असा प्रश्न केला जातो. ज्या घरात पुस्तके आहेत, रात्री गोष्ट सांगणारी आजी आहे, दुकानाची पाटी वाचून घेणारा बाप आहे, तेथे फारसे काही बिघडत नाही. तेथे सुट्टीतही शिक्षण चालूच असते. नुकतीच अक्षरे जुळवू लागलेल्या, पण घरी कागदाचा चिटोराही नसलेल्या बालकाचे मात्र सारेच बिघडते. मार्च २०२० पासून महासाथीच्या निमित्ताने प्राथमिक शाळा दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिल्या, तेव्हा याची प्रचीती साऱ्या देशाला आली. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील सोळा हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली. दुसरी ते सहावीच्या या मुलांपैकी ९२ टक्के मुले आदल्या वर्षी येत असलेले किमान एक भाषिक कौशल्य गमावून बसली होती. गणितात हे प्रमाण ८२ टक्के होते. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र नव्हता हे खरे, परंतु बालकाची विस्मृती राज्याची सीमा ओळखत नाही. महासाथीने जे सर्वांचे एकदा केले, ते स्थलांतरित मजुरांच्या मुलांचे दरसाल होते. फरक एवढाच की, त्याची पाहणी करावी असे कोणाला वाटत नाही.

पाटीपेक्षाही ताटाचा प्रश्न अधिक भीषण आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शाळेतील मुलांना दररोज मोफत माध्यान्ह भोजनाचा हक्क दिला, पण त्याच वाक्यात ‘शाळेच्या सुट्ट्यांचे दिवस वगळून’ अशी पाचर मारून ठेवली. सुट्टीत भूक लागत नाही, असा शोध कायदेपंडितांनी कोठून लावला? सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजीच दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही माध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला होता. तरीही २०१६ च्या दुष्काळात न्यायालयाला हेच पुन्हा बजावावे लागले, आणि तेही मे महिन्यात, म्हणजे उन्हाळा बराचसा सरल्यावर! न्यायालयाने सांगितल्याखेरीज ज्यांना मुलांची भूक दिसत नाही, त्यांनी कल्याणकारी राज्याच्या गप्पा मारू नयेत.

सहा वर्षांखालील बालकांची स्थिती याहूनही दारुण आहे. हंगामी वसतिगृहे निघाली, त्यांचा शाळकरी मुलांना काही उपयोग झाला. परंतु चार वर्षांचे मूल सहा महिने आईवेगळे कोण ठेवील? ते फडावर जाणारच. शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटाला हमी दिली. तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी मात्र सरकार व्यवस्था ‘करील’ असे नव्हे, तर ‘करू शकेल’ असे कलम ११ मध्ये लिहिले. त्या एका क्रियापदात राज्यकर्त्यांची सारी नियत उघडी पडते. पुढे २०२० च्या शैक्षणिक धोरणात याच बालवयाला शिक्षणाचा पाया म्हणून गौरविण्यात आले. २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ची घोषणा होऊन, तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मूल समजून वाचील आणि साधे हिशेब करील, यासाठी २०२६-२७ ही मुदतही जाहीर झाली. निम्मे वर्ष उसाच्या पाचटात काढणारे मूल या ‘प्रत्येक’ शब्दात मोडते की नाही, हे एकदा स्पष्ट सांगितले जावे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. मुलांना विश्रांती नको काय? हवी. फडावर राबून आलेल्या मुलाला तर ती सर्वांत अधिक हवी. परंतु विश्रांती आणि बेवारस सोडून देणे यांत अंतर आहे. उन्हाळ्यात वर्ग भरवून पाढे घोकून घ्यावेत, असे कोणी म्हणत नाही. सकाळी सात ते साडेनऊ, ऊन चढण्यापूर्वी, समाजमंदिरात वा लिंबाखाली गोष्टी, गाणी, चिंचोके मोजणे, मातीची चित्रे, हाताळून फाटतील अशी भरपूर पुस्तके आणि शेवटी पोटभर ताजे अन्न, एवढ्याने बालकाचे शिकणे जिवंत राहते. दुसरा आक्षेप शिक्षकांच्या सुट्टीचा. तो रास्त आहे. सुट्टीत काम करणाऱ्या शिक्षकाला त्याबद्दल अर्जित रजा मिळालीच पाहिजे, आणि अंगणवाडी सेविकेच्या गळ्यात हे काम ‘सेवा’ म्हणून फुकट बांधता कामा नये. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत ज्या सेविकांना मानधनासाठी थंडीत रस्त्यावर बसावे लागले, त्यांच्या श्रमाची पुन्हा लूट करून मुलांचा उद्धार होणार नाही.

हे सारे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी कोसबाडची टेकडी आठवावी. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. बालवाडीत मुले येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट कुरणात शाळा भरविली, तीच ‘कुरणशाळा’. मूल जेथे आणि जेव्हा असेल, तेथे आणि तेव्हा शाळा, हा त्या प्रयोगाचा गाभा होय. शासनाने अंगणवाडी हे नाव घेतले, गाभा मात्र टेकडीवरच ठेवला.

तो गाभा खाली आणण्यास कायद्याची आडकाठी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ अन्वये स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि शैक्षणिक वेळापत्रक ठरविणे हेही त्याच कलमात त्याच्यावर सोपविले आहे. तेव्हा ऊसतोडीच्या जिल्ह्यांतील जिल्हा परिषदांनी एप्रिल ते जून या काळात परतलेल्या मुलांसाठी सवेतन उन्हाळी सत्र चालवावे, आणि त्यात तीन वर्षांपासूनची बालके घ्यावीत. पोषण आहार सुट्टीतही चालू राहावा, आणि अन्नसुरक्षा कायद्यातील ‘सुट्ट्या वगळून’ हे शब्द वगळले जावेत. कारखान्यांनी फडालगत पाळणाघर व बालवाडी चालविणे गाळप परवान्याची अट व्हावी. या मागण्या घेऊन प्रत्येक तालुक्यात पंचायत समितीवर धडक मारली पाहिजे.

परंतु केवळ मोर्चा काढून समाजवादी कार्यकर्त्याची सुटका होत नाही. सेवादलाची शाखा आणि साने गुरुजींच्या नावाची कथामाला हा ज्या चळवळीचा वारसा, तिच्या कार्यकर्त्यांच्या मुलांनीही शुल्क भरून उन्हाळी शिबिरांना जावे आणि शेजारच्या वस्तीतील पोरांनी उकिरड्यावर दुपार काढावी, हे चित्र कोणाला भूषणावह वाटते? सभांतून समतेचा उच्चार करणाऱ्या प्रत्येक तालुका शाखेने या मेमध्ये निदान एका वस्तीत रोज सकाळी दोन तास मुले गोळा करून दाखवावीत. सरकारकडे मागावयाचे ते मागताना, हातात मुलांच्या हजेरीची वही असली म्हणजे त्या मागणीला धार येते.

नोव्हेंबरात कोयते पुन्हा निघतील. त्यापूर्वी, मूल गावात असताना, शाळेचे कुलूप काढायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे.