लिली की खरबूज? आधी जमिनीचा कागद पाहा

उपनगर जिल्ह्यात आता शेती उरलीच कुठे, असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांनी गोराई-मनोरीला एकदा होडीने जाऊन यावे, नाहीतर आरेच्या पाड्यांवर फेरी मारावी. १९९० साली मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके. सिमेंट वाढले हे खरे, पण भाताची खाचरे आणि भाजीचे वाफे अजून पुरते गेलेले नाहीत. भातकापणी उरकली की या शेतकऱ्यांपुढे जुनाच प्रश्न उभा राहतो : रिकाम्या दहा-पंधरा गुंठ्यांत आता घालायचे काय? शहर दाराशी आहे, म्हणजे गिऱ्हाईक दाराशी आहे. फळ खपते आणि शोभेचे रोपही खपते. म्हणून हनीड्यू खरबूज आणि डे-लिली ही दोन पिके शेजारी ठेवून पाहू या.

शेतकरी बंधूंनो, पहिल्यांदा नावाचा घोळ मिटवा. दादरच्या फूलबाजारात ज्या पांढऱ्या कळ्यांची बंडले येतात, हारवाले ज्या घेतात, ती लिली वेगळी. ती स्पायडर लिली, कांद्यापासून येते. डे-लिलीला कांदा नसतो. तिच्या मुळ्या मांसल असतात आणि पात्यांचे पंख्यासारखे फुटवे येतात. फूल मोठे, पिवळे-केशरी, दिसायला सुरेख, पण सकाळी उमलले की दिवस मावळायला कोमेजले. नावातच ‘डे’ आहे. असे फूल टोपलीत घालून पहाटेच्या लोकलने दादरला नेऊन काय उपयोग? रोपवाटिकेत कोणी ‘लिली’ म्हणून रोपे गळ्यात मारली आणि तुम्ही हाराचा हिशोब मांडून बसलात, तर हंगाम गेला म्हणून समजा. डे-लिलीचे फूल विकायचे नसते, रोप विकायचे असते. सोसायट्यांच्या बागा, बंगल्यांचे कुंपण, रस्त्याकडेच्या नर्सऱ्या हे तिचे गिऱ्हाईक.

आता गरजा बघू. खरबुजाला कोरडी हवा, भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन लागते. हनीड्यू बियाणे टाकल्यापासून साधारण ८० ते १०० दिवसांत काढणीला येते. आपल्याकडे सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा वेल लावायचा तो पाऊस संपल्यावरच आणि मृगाच्या आत मोकळे व्हायचे. भाताचे खाचर वाळले की ढेकळे निघतात. तिथे सपाटीवर बी टोचू नका. गादीवाफे करा, शेणखत घाला, जमल्यास ठिबक आणि मल्चिंग पेपर घ्या. दमट हवेत केवडा आणि भुरी हे दोन रोग वेलाचा पार निकाल लावतात, म्हणून संध्याकाळी पानांवर पाणी मारायची सवय सोडा. नर आणि मादी काम करणारी फुले वेगळी असल्याने मधमाशी नसेल तर फळ धरत नाही. सकाळी फवारा मारणारा शेतकरी स्वतःच्याच पोटावर मारतो.

फळमाशीचे एक सांगून ठेवतो. आंब्याला जो सापळा लावतात त्यातले आमिष वेलवर्गाच्या माशीला चालत नाही. दुकानात ‘क्यू ल्यूर’ म्हणून मागा. आंब्याचेच सापळे खरबुजात टांगाल, तर माशी फळात आणि सापळा रिकामा.

काढणीतही गंमत आहे. साधे खरबूज पिकले की देठापासून आपोआप सुटते. हनीड्यू तसे सुटत नाही. हिरवट साल मलईसारखी पांढुरकी झाली, हाताला मेणचट लागली, फुलाकडचा भाग किंचित दबला, तर ते तयार झाले म्हणायचे. कच्चे तोडले तर घरात ठेवून मऊ होईल, पण गोडी वाढणार नाही. शेवटचे आठ-दहा दिवस पाणी कमी करा, गोडी त्यातच आहे. हेही पाहा, की मुंबईत रमजानमध्ये खरबुजाला उठाव असतो आणि रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ चा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, २०२७ चा दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे तो बाजार साधायचा तर बी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पडले पाहिजे, आणि डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री वेल हळू चालतो हेही हिशोबात धरले पाहिजे. हळवे भात लवकर निघाले असेल त्यालाच हे जमेल. गरव्या भाताच्या मागे धावू नका, एप्रिलच्या उन्हाळ्याचे गिऱ्हाईक काही कमी नाही.

डे-लिलीचे सगळे याच्या उलट. तिला घाई नाही. दिवसाला सहा तास ऊन मिळाले की पुरे, दुपारची थोडी सावलीही चालते. एकदा लावली की तीन-चार वर्षे हलवायचे कारण नाही, फुटवे दाट झाले की खणून वेगळे करायचे आणि तेच विकायचे. पाणी बेताचे लागते. विहीर उन्हाळ्यात थोडी मचूळ झाली तरी ती तग धरते, खरबूज मात्र खारे पाणी फार सोसत नाही. गोराई-मनोरीच्या बंधूंनी ही गोष्ट मनात पक्की धरावी. डे-लिलीचे दुखणे एकच, साचलेले पाणी. मुळ्या कुजतात. बांधावर, घराजवळच्या उंचवट्यावर किंवा कुंडी-पिशवीत लावा, खाचरात नको. रोप घेताना बारमाही हिरव्या राहणाऱ्या जातीचे मागा. थंडीत पाने झडून झोपणाऱ्या जातींना कडाक्याची थंडी हवी असते, ती इथे कुठून आणणार?

तर मग कुठले लावायचे? माझे मत असे, की उपनगरात हा प्रश्न माती-पाण्यावर अर्धाच सुटतो. खरबूज तुमच्याकडे तीन महिने मागते, डे-लिली तीन वर्षे मागते. ती जमीन तीन वर्षे तुमच्या हातात राहणार आहे का, हे आधी सांगा. तोंडी बोलीवर कसत असाल, मालक आज ना उद्या बांधायला देणार असेल, तर खरबूज लावा, पैसे करा, मोकळे व्हा. जमीन स्वतःची आणि कागद पक्का असेल तर बांधावर लिली आणि खाचरात खरबूज, दोन्ही चालतील. आरेच्या पाड्यांवरची गोष्ट अवघड आहे. २०२० मध्ये तिथली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय झाला. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या माणसाचा हक्क आधी कागदावर यायला हवा. शिवाय जंगल लागून आहे, खरबुजाला माकड आणि रानडुक्कर सोडणार नाही. तिथे पिशवीतली डे-लिली बरी. वेळ आली तर उचलून नेता येते.

आता दोन शब्द गावकामगारांना. भात निघाल्यावर शेतात खरबूज उभे असते आणि गाव नमुना बारामध्ये मात्र ‘पड’ लिहिलेले असते, असे होऊ देऊ नका. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात उभ्या पिकाचे नुकसान भरपाईत धरतात, पण पिकाची नोंदच नसेल तर शेतकऱ्याने दाखवायचे काय? सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाराच्या जागी मालमत्ता पत्रक आले, त्यावर पिकाचा रकानाच नाही. म्हणजे माणूस शेती करतो आणि कागद म्हणतो, इथे शेती नाही. तलाठ्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी हे नाव मिळाले. नाव बदलले, चांगले झाले. आता जानेवारी-फेब्रुवारीत एक फेरी बांधावर मारा, शेतकऱ्यासमोर पंचनामा करून त्याची एक प्रत त्याच्या हातात द्या. आणि शेतकऱ्यांनो, प्रत मागायला लाजू नका. पिकाचा तारखेसह फोटो काढा, बियाण्याची पावती जपून ठेवा, रोपवाटिका असेल तर रोपे मोजून लेखी अर्ज द्या आणि अर्जावर पोच घेतल्याशिवाय चावडीतून हलू नका.