सही म्हणजे संमती नव्हे!

गरिबाची सही किंवा अंगठा घेणे फार सोपे असते. कागदावर काय लिहिले आहे, हे सांगण्याची तसदी मात्र कुणी घेत नाही. कोर्टात हे रोज दिसते. पण प्रश्न लेकराच्या जिवाचा असेल तेव्हा? डेंग्यूच्या लसीचा इतिहास म्हणूनच आपल्या समाजाने समजून घेतला पाहिजे.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला की शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार होतात आणि त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. परंतु पुढे दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला तर हीच जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट पेशीत शिरायला त्याला वाट करून देतात. पहारेकऱ्यानेच चोराला दार उघडावे, तसा हा प्रकार! म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक घातक ठरू शकतो. क्यूबात १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली. १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची आली, तेव्हा १५८ जण दगावले. त्यात १०१ मुले होती.

एप्रिल २०१६ मध्ये फिलिपिन्समध्ये सरकारी शाळांतील मुलांना सनोफी कंपनीची डेंगव्हॅक्सिया लस देणे सुरू झाले. आठ लाखांहून अधिक मुलांना ती टोचली गेली. आधी डेंग्यू होऊन गेलेल्यांना ती उपयोगी होती. पण ज्यांना तो कधीच झाला नव्हता, त्यांच्या शरीरात ती पहिल्या डेंग्यूसारखी वागू शकत होती. शास्त्रज्ञ स्कॉट हॉल्स्टेड यांनी २०१६ सालीच हा इशारा दिला होता. कंपनीने हा धोका जाहीर केला २९ नोव्हेंबर २०१७ रोजी! आधी रक्त तपासावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली केली. तोवर सुई टोचून झाली होती. लोकांचा लसींवरचाच विश्वास उडाला आणि २०१९ साली गोवराची मोठी साथ आली. त्यातही लेकरेच मेली.

आपल्याकडे काय घडते? २००९ साली आंध्रात खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस दिली गेली. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार आंध्रातील ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. आई-बापांना विचारलेच कुणी?

ऑगस्ट २०२४ मध्ये भारतीय डेंग्यू लसीची दहा हजारांहून अधिक प्रौढांवरील चाचणी सुरू झाली. लस हवीच, डेंग्यूने आपल्याच वस्त्यांतली माणसे मरतात. म्हणून लस नाकारू नका. पण विचारा : आधी डेंग्यू झाला होता का, हे तपासले काय? झाला नसेल तर धोका किती? काही झाले तर उपचार व भरपाई कोण देणार? २०१९ च्या औषध चाचणी नियमांनी चाचणीत सहभागी होणाऱ्याला हे विचारण्याचा हक्क दिला आहे. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. ती सही तुमची आहे, वॉर्डनची नव्हे!