मामा, आधी डोळे मिट!

माझा मामा मार्चमध्ये रिटायर झाला आणि ग्रॅच्युइटी खात्यात पडल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. ‘‘प्लेअर घ्यायचाय. तीन लाखांपर्यंत. येतोस?’’

प्लेअर म्हणजे डिस्क प्लेअर. सीडी, एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, ब्लू-रे असं सगळं गिळणारा, ज्याला युनिव्हर्सल प्लेअर म्हणतात तो. मोबाइलवर गाणी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यावर हसू येईल. पण मामाच्या कपाटात नऊशेच्या वर डिस्क आहेत आणि त्याचा जुना प्लेअर निम्म्या डिस्क वाचतच नाही. त्यामुळे हसायची सोय नव्हती. गेलो.

शोरूममध्ये दोन प्लेअर लावले होते. आधी स्वस्तातला वाजला, मग महागडा. दुसऱ्यावर तानपुरा सुरू झाला आणि मामाच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी विसरणार नाही. ‘‘बघ, पडदा सरकल्यासारखं वाटलं की नाही?’’ खरं सांगतो, मलाही वाटलं. सेल्समन समजूतदारपणे हसला. मामाचा हात खिशातल्या कार्डाकडे जायला लागला.

तेवढ्यात मी रॅकच्या मागे डोकावलो. स्वस्तातला प्लेअर साध्या आरसीए वायरने जोडला होता, महागडा एक्सएलआरने. आता यात गोम अशी की आरसीएवर साधारण दोन व्होल्ट येतात, एक्सएलआरवर बहुतेक वेळा चार. दुप्पट व्होल्टेज म्हणजे सहा डेसिबलचा फरक. आवाजाच्या बटणाला कुणी हात लावला नव्हता, म्हणजेच दुसरा प्लेअर सरळ सरळ मोठ्याने वाजत होता. आणि आपल्या कानाची गंमत बघा, फरक थोडका असला तर तो ‘मोठा’ ऐकू येत नाही, ‘स्वच्छ’ ऐकू येतो. ‘मोकळा’ ऐकू येतो. पडदा सरकतो तो तिथेच.

मी दोन्हींना सारखीच वायर लावायला सांगितली. दोन-तीनदा अदलाबदल झाल्यावर मामानेच विचारलं, ‘‘आता कुठला चाललाय?’’

माझं म्हणणं एवढंच आहे. दोन महागडे प्लेअर ‘ऐकून’ त्यांची तुलना करणाऱ्यांनी आवाजाची पातळी मीटरने सारखी केली नसेल आणि कुठला वाजतोय हे झाकून ठेवलं नसेल, तर ते काय म्हणतात याला काडीची किंमत देऊ नका. ते खोटं बोलतात असं नाही. त्यांना खरोखरच तसं ऐकू येतं, हीच तर पंचाईत आहे.

डोळे कानांना कसे फसवतात याचा मासला हवा असेल तर २०१० सालचा लेक्सिकन बीडी-३० आठवा. साडेतीन हजार डॉलरचा ब्लू-रे प्लेअर. अमेरिकेतल्या ऑडिओहोलिक्सवाल्यांनी तो उघडला तर आत ओप्पोचा बीडीपी-८३ निघाला, जो बाजारात पाचशे डॉलरला मिळत होता. सर्किट बोर्ड बदलले नव्हते की काही नाही. अख्खा ओप्पो, चौकटीसकट, जाड पत्र्याच्या नव्या डब्यात! (आपल्याकडे ओप्पो म्हणजे सेल्फीवाला फोन; पण त्यांच्याच ओप्पो डिजिटल या भावंड कंपनीचे प्लेअर जगभरातले ऑडिओवेडे डोक्यावर घेऊन नाचायचे.)

मामाने मान डोलावली, पण हट्ट सोडला नाही. ‘‘ते जाऊ दे. एसएसीडी तर सीडीपेक्षा भारीच ना? माझे कान तुझ्या वयापेक्षा जुने आहेत.’’

कान जुने आहेत हाच तर मुद्दा आहे, पण ते मी बोललो नाही. बोललो ते हे: बोस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा सिग्नल कधी थेट ऐकवला, कधी सीडीच्या १६ बिटांतून गाळून. २००७ मध्ये निकाल छापला. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा अठरा अभ्यासांची बेरीज मांडली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. सराव असलेल्यांचं त्याहून बरं. म्हणजे फरक असलाच तर एवढासा.

मग घरी मामाला पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या २००३ च्या डिस्कमध्ये तो ढळढळीत कसा ऐकू येतो? त्या एकाच डिस्कवर सीडीचा एक थर आहे आणि एसएसीडीचा एक. पण सीडीच्या थराचं मास्टरिंगच वेगळं, जास्त दाबलेलं आहे. मामा ज्याला फॉरमॅटचा फरक म्हणतो तो स्टुडिओत बसलेल्या माणसाने केलेला फरक आहे. आणि त्याच्या कपाटातल्या निम्म्या सीडी तर जुन्या मैफलींच्या टेपवरून काढलेल्या. टेपची खरखर तीन लाखांचा प्लेअरही इमानेइतबारे ऐकवणारच.

मग मामाने सगळ्यात स्वस्तातला घ्यावा का? इथे मात्र मी त्याच्या बाजूने आहे. सोनीचा एक्स८००एम२ तीनशे डॉलरच्या आसपासचा, एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ सगळं वाजवतो. पण त्याला अॅनालॉग आउटपुटच नाही. ज्यांच्याकडे एचडीएमआयवाला रिसीव्हर आहे त्यांनी डोळे झाकून तो घ्यावा, कारण आकड्यांचं संगीत रिसीव्हरमध्येच होतं, प्लेअरच्या आतल्या भारी चिप्सचा तिथे काही उपयोग नाही. मामाचा अँप्लिफायर माझ्या जन्माआधीचा. त्याला एचडीएमआय ठाऊक नाही. म्हणून मॅग्नेटारच्या यूडीपी९०० सारख्या, चांगलं अॅनालॉग आउटपुट असलेल्या प्लेअरकडे त्याने बघणं हा निव्वळ शौक नाही.

फक्त प्रश्न बदलायला हवेत. साउंडस्टेज केवढा रुंद हे विचारण्यापेक्षा पाच वर्षांनी लेझर गेला तर बदलून कोण देणार ते विचारा. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअरचा धंदा बंद केला, सॅमसंगने २०१९ मध्ये ब्लू-रे सोडला. ओप्पोचा यूडीपी-२०५ नवा असताना १२९९ डॉलरला होता, आज लोक वापरलेला त्याहून जास्त देऊन घेतात. हे वेड आवाजाचं कमी, संपून जाण्याच्या भीतीचं जास्त आहे. आणि मामाची भीती मला समजते. नऊशे डिस्क आहेत, त्या वाजवणारं यंत्रच उरलं नाही तर तो काय करणार?

दुकानात मी सेल्समनला हा सर्व्हिसचा प्रश्न विचारला, तेव्हा तो पहिल्यांदाच गडबडला. ‘‘सर, कंपनीला मेल करून सांगतो,’’ म्हणाला. अजून मेल आलेलं नाही.

रविवारी आम्ही परत जाणार आहोत. मामाने शेजारच्या वायरमनकडून मल्टिमीटर मागून आणलाय, टेस्ट टोनची सीडी शोधून ठेवलीये आणि रॅक झाकायला मामीची जुनी चादर घेतलीये. चादर बघून मामीने विचारलं, ‘‘दुकानात झोपणार आहात का?’’