विजेचे जाकीट आणि 'ह्यां'चे हृदय

साठी उलटली आणि डॉक्टरांनी "वजन उतरवा, रोज चाला" असे बजावले, की पुरुषमंडळींना चालणे सोडून बाकी सगळे उपाय सुचू लागतात. अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली आहे. मुंबई-पुण्याच्या काही व्यायामकेंद्रांत अंगात ओलसर जाकीट चढवून स्नायूंना सौम्य वीज देतात. २० मिनिटांत काही तासांचा व्यायाम, अशी जाहिरात वाचून 'हे' विचारतात, "काय गं, जाऊ का?"

तर भगिनींनो, आधी त्यात होते काय ते पाहू. एरवी स्नायू आवळतो तो मेंदूकडून आलेल्या संदेशाने. इथे तो संदेश जाकिटातल्या पट्ट्यांतून, बाहेरून येतो. चार-सहा सेकंद प्रवाह, मग तेवढीच विश्रांती, आणि त्या तालावर हलकेच उठायचे-बसायचे. झटका बसत नाही. मुंग्या येतात आणि मांड्या, पाठ, पोट एकदमच घट्ट होतात.

हे थोतांड नाही बरं का! जर्मनीत एर्लांगेन इथे सत्तरी ओलांडलेल्या १०० पुरुषांवर १६ आठवडे प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पोट सुटलेले आणि हातापायांचे मांस झडलेले असे हे आजोबा. ज्यांनी वीज आणि जोडीला प्रथिनांची भुकटी घेतली, त्यांचे स्नायू वाढले, चरबी घटली. स्नायू वाढले की रक्तातली साखर त्यांत खपते, त्याचा लाभ हृदयाला होतो. पण तो आडवाटेने! भरभर चालताना श्वास वाढतो, नाडी जलद होते, तसा हृदयाचा व्यायाम जाकिटात उभे राहून होत नाही. शिवाय १६ आठवड्यांत हृदयविकाराचा झटका टळला की नाही, ते कसे कळावे? हृदय दुबळे झाल्यामुळे ज्यांना चालवतच नाही, अशांच्या मांड्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली वीज देतात आणि त्यांना गुण येतो. पण ती गोष्ट वेगळी.

पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारे यंत्र बसवले असेल, तर या जाकिटाच्या वाटेला मुळीच जाऊ नये. फिट येणे, पायात रक्ताची गुठळी, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तरीही नको. अँजिओप्लास्टी झाली असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पैसे भरू देऊ नका. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात, तेही आधी सांगावे.

पहिल्या दिवशी प्रवाह अगदी मंद हवा. उत्साहाच्या भरात तो वाढवला तर स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडांवर ताण येतो. दोन-तीन दिवसांत अंग विलक्षण ठणकले, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर तडक इस्पितळ गाठा. पुरुषमाणसे हे आपणहून सांगायची नाहीत, तुम्हीच विचारा.

टीव्हीवर दिसणारा पोटाचा पट्टा घ्यावा का? त्याने पोट उतरत नाही. घेतलाच असेल, तर त्याच्या चकत्या छातीवर कधीही लावू नयेत.

जाकीट घातले तरी आठवड्याला १५० मिनिटे चालणे सुटत नाही. संध्याकाळी भाजीला 'ह्यां'ना पाठवा, आणि स्कूटरची किल्ली तेवढी तुमच्याजवळ ठेवा.